चला, हवापालट!

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं. मला त्याची सवय आहेच.

स्वरदा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पर्यावरण विषय त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, देवेश, तुझी हजेरी कमी आहे. किती कमी तेही सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, मॅडम, मी फिरून शिकणारा माणूस आहे. आधी फायर अँड सेफ्टीचा कोर्स केला (सोडला), मग हॉटेल मॅनेजमेंट (त्यांनी सोडलं), आता हे बीए. अनुभव दांडगा आहे. त्या म्हणाल्या, अनुभवाला हजेरी लागत नाही, परीक्षेला लागते.

मग एक वाट दाखवली. कॅम्पसवर लोकांची चर्चा घडवून आण. विषय क्लायमेट चेंज. विद्यार्थी नकोत, ते सही करून पळतात. मुलुंड-भांडुपची खरी माणसं हवीत, निदान पन्नास. तेवढं केलंस तर हजेरी भरून देते आणि परीक्षेला बसवते. नाहीतर वर्ष गेलं.

पन्नास! मी म्हटलं, मॅडम, हॉल पुरणार नाही.

त्या म्हणाल्या, हॉलचं मी बघते, तू फक्त त्या दिवशी हजर राहा. उपस्थितीच्या कागदावर तुझीही सही लागेल. हसूच आलं. माझा कार्यक्रम, आणि त्याला मीच नाही?

घरी सांगितलं. बाबांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "बरा. जमला तर परीक्षा दी. नाय तर एक तारखेपासून दशरथाची लाँड्री. मी त्याका सांगान ठेवलंय." दशरथ म्हणजे माझा मामा. मुलुंडला त्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. आत वाफ, बाहेर ऊन. त्या दुकानात ग्लोबल वॉर्मिंग आधीच झालंय.

लाँड्रीचा प्रश्न येणारच नाही. तारीख पक्की: रविवार, २३ फेब्रुवारी.

५ फेब्रुवारी, बुधवार

आधी स्वतःपासून सुरुवात. आजपासून पंखा बंद. रिक्षा बंद, चालत जायचं.

दुपारी

पंखा लावला. घामेजलेला माणूस पृथ्वीचा विचार करूच शकत नाही, फक्त पंख्याचा करतो. रिक्षाही घेतली, पण शेअर. धूर भागिले तीन, म्हणजे माझ्या वाट्याला जवळजवळ नाहीच.

अध्यक्षीय भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झालं: "मित्रहो, हवा पालटली आहे." झकास. एवढं चांगलं वाक्य झाल्यावर लगेच दुसरं लिहिणं बरोबर नाही. थांबलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नावावर अडलंय. मॅडमनी कागदावर लिहून दिलेलं नाव आहे: 'हवामान बदल आणि आपले उपनगर : सामुदायिक चर्चा.' वाचूनच झोप आली. 'हवामान' म्हटलं की रेडिओवरच्या बाई आठवतात. आकाश अंशतः ढगाळ राहील. यासाठी कोण घर सोडून येणार?

कॅन्टीनमध्ये बसून विचार केला. सरकार बदलतं तेव्हा पेपरवाले 'सरकार बदल' म्हणतात का? नाही. सत्तापालट म्हणतात. मग हवा बदलते त्याला काय म्हणायचं?

हवापालट!

अंगावर काटा आला. एका शब्दात सगळं आलं. शिवाय अस्सल मराठी. गंमत म्हणजे शब्द आत्ता बनवला, तरी कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. चांगल्या शब्दाची हीच खूण असावी.

८ फेब्रुवारी, शनिवार

पोस्टर तयार. मोबाईलवर स्वतः केलं. वर मोठ्या अक्षरांत 'चला, हवापालट!' मागे हिमनदीचा फोटो, पांढरीशुभ्र, शेजारी निळं आकाश. त्याखाली माझी ओळ: 'बर्फ वितळण्याआधी!' मग रविवार २३ फेब्रुवारी, सकाळी नऊ, कॉलेजच्या गेटवर जमणे. सर्वांना मोफत. नाश्ता आमच्याकडून. ज्येष्ठांना प्राधान्य. खाली माझा नंबर.

'चर्चा' हा शब्द मुद्दाम गाळला. चर्चा म्हटलं की लोक घरी बसतात.

आईला दाखवलं. ती भाजी निवडत होती. चष्मा नाकावर सरकवून वाचलं आणि म्हणाली, "कोणाक बरा नाय?"

मी गंभीरपणे म्हटलं, पृथ्वीला.

"ती खालच्या मजल्यावरची? तिका काय झाला?"

आपल्या लोकांपर्यंत विषय पोचवायला किती काम बाकी आहे, ते तेव्हा कळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पोस्टरं लावली. मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात दोन, बागेच्या फाटकावर एक, तीन सोसायट्यांच्या बोर्डांवर, दोन दवाखान्यांत. दवाखान्यातले कंपाउंडर फारच खूश झाले. म्हणाले, आमचे डॉक्टर तर रोज पेशंटना हेच सांगतात. डॉक्टर लोकही जागे झाले म्हणजे.

झेरॉक्सवाल्याने विचारलं, कधी निघताय? मी म्हटलं, तेवीसला. तो म्हणाला, मजा आहे बुवा. चळवळीला मजा म्हणणारी माणसं बघितली की बरं वाटतं.

पोस्टर प्रांजललाही पाठवलं. प्रांजल माझ्या वर्गात आहे, हुशार आहे, आणि मला वाटतं माझ्याबद्दल तिला आदर आहे. ती चुलतबहिणीच्या लग्नाला अलिबागजवळच्या गावी गेलीय. उत्तर आलं: इथे रेंज नाही, फोटो उघडत नाहीये, मॅडमना दाखवलंस ना? मी लिहिलं, हो. म्हणजे दाखवणारच आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला फोन! "हॅलो, हवापालटवाले का?"

मी बसल्या जागी उभा राहिलो. लोक मला चळवळीच्या नावाने ओळखू लागले. मी म्हटलं, हो, बोलतोय.

विरंगुळा केंद्राचे अध्यक्ष होते, श्यामसुंदर नाना. आवाज खणखणीत. म्हणाले, आमच्या हिला, म्हणजे जयंतीला, दम्याचा त्रास आहे. समोर टॉवर होतोय, दिवसभर धूळ. डॉक्टर दोन वर्षं हवापालट सांगतायत, आणि आम्ही उंबऱ्याबाहेर पडत नाही. तुमचं पोस्टर बघितलं आणि ती स्वतःहून म्हणाली, जाऊ या. तर आमची दोन नावं घ्या.

मी म्हटलं, काका, काकूंसारख्या लोकांसाठीच हे आहे.

मग त्यांनी विचारलं, मुक्काम किती?

खोल प्रश्न होता. मी म्हटलं, काका, हे काम एका दिवसाचं नाही. नातवंडांपर्यंत चालेल. नाना म्हणाले, नाही, म्हणजे औषधं किती दिवसांची घ्यायची तेवढंच विचारतोय. मी म्हटलं, भरपूर घ्या.

वयस्कर माणसं सगळा विचार करतात. शिकण्यासारखं आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोन थांबत नाहीयेत. पन्नासचा आकडा कधीच मागे पडला. काही प्रश्न इथे उतरून ठेवतो, भाषणात वापरता येतील.

एका काकूंनी विचारलं, स्वेटर लागेल का? काय टोमणा आहे! पृथ्वी तापतेय आणि ही बाई स्वेटर विचारते. मी हसून म्हटलं, काकू, सध्या तरी घाला, पुढे घालायची वेळ येणार नाही.

एकाने विचारलं, राहायची सोय कशी आहे? म्हटलं, काका, राहण्यासारखी जागाच उरणार नाही, तोच तर मुद्दा आहे. ते म्हणाले, अरे बापरे, एवढी गर्दी? मग आम्ही आमच्या चटया आणतो. जमिनीवर बसायची तयारी! ही पिढीच वेगळी.

एकाने विचारलं, उंचावर जायचंय का, माझे गुडघे गेलेत. म्हटलं, समुद्र वर आला की सगळ्यांनाच उंचावर जावं लागेल. ते म्हणाले, म्हणजे जायचंच आहे.

आणि नानांनी पुन्हा फोन करून विचारलं, परतीचं काय? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नाना, शास्त्रज्ञ म्हणतात आपण पुष्कळ पुढे गेलोय, आता परतीची वाट नाही. नानांनी फोन बाजूला धरला. मग काकूंना सांगताना ऐकू आलं, "अगं, परतीचं आपलं आपण बघायचंय."

बरोबर. प्रत्येकाने आपलं आपण बघायचंय. एका वाक्यात सगळी चळवळ.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वक्ता हवा. समुद्राचं कोणीतरी. मेट्रोने वर्सोव्याला गेलो. कोळीवाड्यात राजाराम म्हणून वजनदार माणूस आहेत, त्यांना आमंत्रण द्यायचं ठरवलं.

ते जाळ्यावर बसले होते. मी नमस्कार केला, विषय मांडला. ते म्हणाले, मासे कमी झाले का विचारायला आलास ना? या महिन्यातला तू तिसरा. सगळे विचारून जातात, एकजण मासा घेत नाही.

लाज वाटली. बोंबील घेतले. मग आमंत्रण द्यायचं होतं, पण तेवढ्यात मढची फेरीबोट लागली. समुद्राचा विषय आणि आपण समुद्रावरून गेलो नाही, हे पटेना. पाचच मिनिटांचं पाणी. पलीकडे गेलो. पलीकडे एक गल्ली दिसली, ती कुठे जाते ते बघितलं. एका लग्नाच्या मांडवात बँजोवाल्यांशी ओळख झाली. जेवूनच जा म्हणाले.

परत येईस्तोवर राजारामकाका उठून गेले होते. मेट्रोत माझ्या दोन्ही बाजूंच्या सीट रिकाम्या राहिल्या. बोंबलांमुळे असेल.

फील्डवर्क झालं. वक्ता काय, मीच आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी पोस्टर मागितलं. मी म्हटलं, छापायला गेलंय. खोटं नाही, गेलंच होतं, मागच्या आठवड्यात. त्यांनी विचारलं, लोक येतील ना? मी म्हटलं, मॅडम, चटया घेऊन येतायत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आदर असाच हळूहळू येतो.

भाषण: पहिलं वाक्य अजून तितकंच चांगलं वाटतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. सुट्टी. आज भाषण पूर्ण करायचं म्हणून पहाटे उठलो. खाली ढोल वाजला. फक्त गॅलरीतून बघायचं ठरवलं.

रात्री

ताशा वाजवायला बसलो होतो. हात सुजलेत, लिहिता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नाश्त्याचे उपमा-चहा मॅडमनी कॅन्टीनला सांगितलेत. हॉल धुऊन घेतलाय. बाबांनी विचारलं, काय झाला? म्हटलं, सत्तर माणसं. बाबांनी पहिल्यांदाच टीव्ही बंद केला. "सत्तर? तुझ्यासाठी?" म्हटलं, विषयासाठी. ते आईला म्हणाले, "उद्या त्याचो शर्ट इस्त्री करून ठेव." आयुष्यात प्रथम.

प्रांजल गावाहून निघालीय. रेंजमध्ये आल्या आल्या तिचा फोन. आवाज चढलेला. "अरे देवेश, आत्ता पोस्टर बघितलं. हवापालट म्हणजे काय माहितीये ना तुला?"

मी म्हटलं, शब्द मी बनवलाय, मला माहीत नसेल?

ती म्हणाली, तू बनवलास? अरे बावळटा, आजारी माणसाला डॉक्टर सांगतात ते... आणि माझी बॅटरी संपली. मला वाटतं ती अभिनंदन करणार होती. चार्जर बाबांच्या उशाशी आहे. झोपतो. उद्या मोठा दिवस.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

इस्त्रीचा शर्ट घातला. भाषणाचा कागद खिशात, चार्ज केलेला फोन सायलेंटवर. मित्रहो, हवा पालटली आहे. पुढचं तिथे सुचेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

नऊला गेटवर पोचलो. गर्दी बघून छाती भरून आली. जवळ गेलो तेव्हा दिसलं की प्रत्येकाच्या पायाशी बॅग आहे. कोणाकडे वळकटी. कोणी फिरकीचा तांब्या घेऊन. रणरणत्या उन्हात निम्म्या लोकांच्या अंगात स्वेटर, दोघांच्या डोक्यात माकडटोपी. डांबराच्या गोळ्यांचा घमघमाट. कोणीतरी लाडवांचा डबा फिरवत होतं.

मला वाटलं, हे निषेधाचं काहीतरी नवीन आहे.

एक उंच, चष्मेवाले गृहस्थ पुढे आले, माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. श्यामसुंदर नाना. "तूच ना देवेश? शाब्बास. तुझ्यासाठी खिडकीची जागा धरायला सांगितलीय. बस कुठाय?"

मी म्हटलं, कसली बस?

तेवढ्यात बाकावरून एक बारीक चणीच्या काकू उठल्या. मरून स्वेटर, हातात इनहेलर, शेजारी छोटी निळी बॅग. जयंतीकाकू. हसून म्हणाल्या, "बाळा, बर्फापर्यंत नाही पोचलो तरी चालेल हो. जरा धुळीच्या बाहेर नेलंस तरी पुष्कळ."

आणि मला एकदम आठवलं तो शब्द कुठे ऐकला होता. चौथीत. टायफॉइडनंतर मला आजोळी मालवणला पाठवलं होतं. हवापालटाला.

वाट लागली.

दुसरा कोणी असता तर पळून गेला असता. मी नाही. सत्तर माणसांसमोर काकू माझ्याकडे बघत होत्या. मी ठणकावून सांगितलं, "थांबा, बस घेऊन येतो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. टाळ्या वाजल्या.

बाहेर पडलो. शाळांच्या बसेस उभ्या असतात तिथे गेलो. रविवार. सगळ्या बंद. चेक नाक्यावर गेलो. तिथे एक बसवाला जागा होता. विचारलं, कुठे जायचंय? मला नेमकं सांगता येईना. म्हटलं, जिथे थंड आहे तिथे. तो म्हणाला, सापडलं की मलाही सांग, मीपण येतो.

दुसरा बसवाला शोधायला पुलाखालून निघालो तर तिथे बॉक्स क्रिकेट चाललेलं. फायर अँड सेफ्टीचे माझे जुने मित्र. त्यांचा एक गडी कमी. मी सांगितलं, मी फार मोठ्या जबाबदारीवर आहे. ते म्हणाले, एक ओव्हर टाक. डोकं तापलं होतं, निवणं गरजेचं होतं. एकच ओव्हर टाकली. मग बॅटिंग आली, तो आपला दोष नाही.

जिंकलो. मिसळ त्यांनीच दिली.

फोन बघितला तर प्रांजलचे इतके मिस्ड कॉल की मोजायचं धैर्य झालं नाही. धावत कॅम्पसवर आलो. गेटवर कोणी नाही. हॉलमध्ये झाडू मारत होते. बाकांवर लाडवाचा चुरा. प्रांजल दारातच उभी होती. म्हणाली, कुठे होतास रे?

म्हटलं, बस बघत होतो.

मग तिने जे सांगितलं ते असं. तिने सगळ्यांना उन्हातून आत पंख्याखाली आणून बसवलं. मॅडम आल्या. स्वेटर बघून त्यांना काही कळेना. त्यांनी विचारलं, आपण कशासाठी आलात? सगळे म्हणाले, हवापालटासाठी. पोस्टर दाखवलं. मॅडम खाली बसल्या.  मग उठल्या आणि म्हणाल्या, मंडळी, चूक आमची, माफ करा. नाश्ता तरी घ्या. आणि एक विचारू का? गाडी असती, तर कुठे जायला आवडलं असतं?

बस्स. जयंतीकाकू म्हणाल्या, माझं माहेर चिपळूणजवळ. पण मागच्या मे महिन्यात गेले तर तिथेच जीव घुसमटला, रात्रभर पंखा घरघरत होता. दुसऱ्या म्हणाल्या, माथेरानला आमची शाल बॅगेतून निघाली नाही. तिसरे म्हणाले, आता ते थंड राहिलंच नाही. एकेक जण एकेक गाव सांगायला लागला आणि एकेक गाव फळ्यावरून पुसलं जायला लागलं. मॅडमनी खरंच फळ्यावर लिहिली होती.

शेवटी नाना उठले. म्हणाले, "मंडळी, हवा पालटलीय. माझे आजोबा गिरगावातले. छातीचं दुखणं झालं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हवापालटाला पाठवलं. कुठे, माहितीये? मुलुंडला. तेव्हा इथे झाडं आणि विहिरी. बरे झाले म्हणून इथेच राहिले. आणि आज त्याच घरातून माझ्या बायकोला मी हवापालटाला कुठे नेऊ ते मला कळत नाही."

प्रांजल म्हणाली, मग जे सुरू झालं ते चार तास. टॉवरच्या धुळीला जाळी बांधायला लावायची, बागेतली तोडलेली झाडं परत लावायची, वॉर्ड ऑफिसात सगळ्यांनी मिळून जायचं. तिचे डोळे ओले होते. म्हणाली, एवढी चांगली चर्चा मी कॉलेजात कधी ऐकली नाही.

मी म्हटलं, 'हवा पालटलीय' हे वाक्य माझं आहे. वहीत तारखेसकट आहे.

ती म्हणाली, सही केलीस का?

कागद मॅडम घरी घेऊन गेल्या होत्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना भेटलो. फार कौतुक केलं. म्हणाल्या, पोस्टर बघून मला तुला गेटबाहेर काढावंसं वाटलं होतं. पण देवेश, 'क्लायमेट चेंज' म्हणून बोलावलं असतं तर यातला एकही माणूस आला नसता. शब्द चुकीचा, पण अगदी नेमका. रिपोर्टला मी तेच नाव देणार आहे.

मी म्हटलं, मग मॅडम, हजेरीचं?

त्या म्हणाल्या, उपस्थितीच्या कागदावर सत्तर सह्या आहेत. त्यात तुझी नाही.

म्हटलं, मी बस बघत होतो.

त्या म्हणाल्या, हॉलमधल्या चर्चेला बस कशाला?

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, तुझी हजेरी भरावी म्हणून हा कार्यक्रम दिला होता रे. आणि त्यालाच गैरहजर राहिलास. आता मी काय लिहू? आवाजात राग नव्हता. तेच जरा लागलं.

भावनेच्या भरात बोलल्या. दोन दिवसांत शांत होतील.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिन. नोटीस बोर्डवर सजावट, रांगोळी. बोर्डच्या मधोमध मॅडमचा रिपोर्ट लावलाय: 'हवापालट : मुलुंडकरांची चर्चा.' खाली छोट्या अक्षरांत 'संकल्पना : देवेश जयवंत गवस (अनुपस्थित).'

पोरं फोटो काढत होती. मीपण काढला. फोटोत शेजारचा कागदही आला. परीक्षेला बसू न द्यायच्या मुलांची यादी. माझं नाव एकाच बोर्डवर दोनदा. असा मान या कॉलेजात पूर्वी कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

बाबांना फोटो दाखवला. दोन्ही कागद वाचले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "शब्द बरो काढलंस." मग उठून मामाला फोन लावला.

१ मार्च, शनिवार

लाँड्री तात्पुरती आहे. इथून वाफेचा, उष्णतेचा, आर्द्रतेचा प्रत्यक्ष अभ्यास करता येईल. जगातल्या फार थोड्या कार्यकर्त्यांना ही संधी मिळते. मामाने कपड्यांना नंबरांचे बिल्ले लावायला बसवलंय. संकल्प: रोज दुकान बंद झाल्यावर दोन तास वाचन. पुढच्या वर्षी हजेरी शंभर टक्के.

५ मार्च, बुधवार

वाचन उद्यापासून. हात भाजलाय.

११ मार्च, मंगळवार

दुपारी काउंटरवर मोठं गाठोडं आलं. उघडलं तर स्वेटर, शाली, दोन माकडटोप्या. डांबराच्या गोळ्यांचा वास ओळखीचा. वर बघितलं तर नाना आणि जयंतीकाकू.

काकूंनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, अरे तू इथे? मी म्हटलं, प्रॅक्टिकल चालू आहे. मग त्याच सांगत राहिल्या. केंद्राने आपली आपणच गाडी केली, परवा जव्हारला जाऊन आले, प्रांजलही होती, मॅडमही होत्या. तिथेही उकडत होतं. स्वेटर कोणी घातला नाही, नुसते मळले. पण समोरच्या टॉवरला जाळी बसलीय, आणि काल रात्री इनहेलर न घेता झोप लागली. त्यांनी माझा भाजलेला हात बघितला आणि पिशवीतून एक लाडू काढून काउंटरवर ठेवला.

मी मरून स्वेटरला बिल्ला लावत होतो.

काकू जायला निघाल्या आणि पायरीवर थांबल्या. "काय रे बाळा, त्या दिवशी बस आणायला गेलास तो गेलासच. मिळाली का?"

मी म्हटलं, बोलणं चालू आहे.